हात-लावू-नका बाईंचा उलटा नकाशा

बाईंना सगळे ‘हात-लावू-नका बाई’ म्हणायचे. अर्थात पाठीमागे. आणि पाठीमागचं आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवायचं शहाणपण बाईंकडे होतं. राज्याच्या इतिहासाचं संग्रहालय होतं, तिथे शाळांच्या सहली यायच्या आणि बाई त्यांना दालनादालनांतून फिरवायच्या. हा जुन्या राजधानीचा दरवाजा, हात लावू नका. ही पहिल्या जमीनमोजणीची साखळी, हात लावू नका. हा नावाड्याचा कंदील, नाही नाही, बघायचं डोळ्यांनी असतं, बोटांनी नाही. त्यातली काही पोरं मोठी झाली, आपली पोरं घेऊन परत आली आणि दारातच कुजबुजली, त्या बघ, हात-लावू-नका बाई. बाईंना राग यायला हवा होता, पण त्यांना बरंच वाटलं. उभ्या जन्मात एकच वाक्य बोललो, पण कुणाच्या तरी लक्षात राहिलो, हे काय थोडं झालं?

पुढे संग्रहालयाचं छप्पर गळायला लागलं. दालनं दुरुस्तीसाठी बंद झाली, वस्तू पेट्यांत घालून तळमजल्यावरच्या कोठीत गेल्या आणि सहली थांबल्या. बाई आठवडाभर रिकाम्या दालनांत गवंड्यांच्या पायांत पायांत करत फिरल्या. गवंड्यांनाही त्या ‘हात लावू नका’ म्हणाल्या तेव्हा मात्र संग्रहालयाच्या मुख्य मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मॅडम वयाने बाईंच्या मुलीसारख्या, पण डोकं थंड. त्या म्हणाल्या, पोरं येऊ शकत नाहीत तर आपण पोरांकडे जाऊ. दर मंगळवारी कोठीतून थेट ऑनलाइन तास. राज्यभरातल्या शाळा आपापल्या वर्गातल्या पडद्यावर बघतील आणि इकडून बाई राज्याचा इतिहास सांगतील.

घरी येऊन बाई नवऱ्याला म्हणाल्या, या वयात आता उंटावरून शेळ्या हाकायच्या आल्या.

पण गंमत अशी की त्यांना ते आवडलं. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत वर्गच्या वर्ग दिसायचे. कुठे पोरं बाकावर दाटीवाटीने, कुठे जमिनीवर मांडी घालून. राज्याच्या पार टोकाला, हद्दीला लागून एक शाळा होती. तिथली पोरं जन्मात कधी सहलीला आली नसती, कारण बसचं भाडंच परवडणारं नव्हतं. ती पोरं कॅमेऱ्याला इतकी चिकटून बसायची की चौकोनात नुसती कपाळं दिसायची. बाईंचा जीव त्या कपाळांवर जडला. सोमवारपासूनच त्यांची तयारी सुरू व्हायची. कोणती साडी, कोणती वस्तू, कुठला किस्सा आधी, कुठला मागाहून, याचा विचार करताना आमटीत मीठ पडलं की नाही हे त्यांना आठवायचं नाही.

आता नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा दोघांचा भागीदारीतला आहे. त्यांना गल्लीत खिळेमास्तर म्हणत. छापखान्यात त्यांनी जन्मभर शिशाचे खिळे जुळवले. एकेक अक्षर उचलायचं, ओळीत लावायचं, ओळींची पानं करायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. कागदावर दाबलं की सरळ उमटतं. असं उलटं वाचून वाचून मास्तरांच्या डोळ्यांना वळणच तसं पडलं होतं. बाई टेबलाच्या एका बाजूला पेपर वाचत, मास्तर समोर बसून तोच पेपर उलट्या बाजूने वाचत, आणि पान आधी मास्तरांचं संपे. मग छापखान्यात संगणक आले, खिळे भंगारात गेले आणि मास्तर घरी आले. भांडले नाहीत, रडले नाहीत. शर्टाच्या खिशात एक चपटी डबी तेवढी राहिली, तीत वाचवून आणलेले मूठभर खिळे. दिवसभर पेपरातल्या चुका काढायच्या आणि डबी खुळखुळवायची, एवढाच उद्योग उरला होता. बाईंना त्या आवाजाने वाईट वाटायचं, पण त्या कधी बोलल्या नाहीत.

तर झालं असं. पहिल्याच तासाच्या तयारीला बाई कॅमेऱ्यासमोर बसल्या. मागे राज्याचा जुना नकाशा फळीवर लावलेला. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर बघतात तो काय, नकाशा उलटा! नदी भलत्याच अंगाला आणि गावांची नावं डावखुऱ्या भुताने लिहावीत तशी. बाईंनी संगणकवाल्याला हाक मारली. तो बिचारा टेबलाखाली वायरींशी झगडत होता. तिथूनच तो म्हणाला, “बाई, तुम्हाला ते तसंच दिसणार.” यात ‘तुम्हाला’ या शब्दावर त्याचा जोर होता. तुम्हाला उलटं, बाकी जगाला सरळ. पडद्यावर स्वतःला बघणं म्हणजे आरशात बघणं, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण टेबलाखालून आलेल्या आवाजातला जोर वरपर्यंत पोचत नाही. बाईंनी ऐकलं ते इतकंच, की ते तसंच दिसणार.

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना सांगितलं, कॅमेरा सगळं उलटं दाखवतो, पोरं काय डोंबल वाचणार? मास्तरांनी पेपर खाली ठेवला. किती दिवसांनी त्यांनी चुका काढणं अर्धवट सोडलं असेल!

“अगं, मग आपण उलटंच लिहू की,” ते म्हणाले. “मी आयुष्यभर दुसरं काय केलंय?”

मास्तर कामाला लागले. कोठीतल्या त्याच फळीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी अख्खं राज्य उलटं काढलं. उलटी नदी, उलटे डोंगर, गावांची नावं काना-मात्रा-वेलांटीसकट उलटी. जोडाक्षरंसुद्धा चुकली नाहीत. दर मंगळवारी स्वतः कोठीत येऊन फळी उभी करायची, नवीन गावाचं नाव लिहायचं असेल तर ब्रश घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला तयारीत राहायचं, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पडद्यावर सगळं सरळ, ठसठशीत दिसायला लागलं. बाई खूश, मास्तर त्याहून खूश. डबीचा खुळखुळाट थांबला. संगणकवाल्याने एकदा घाईघाईत डोकावून बघितलं, पण तोही बाईंच्याच पडद्यात. सरळ दिसलं, मान हलवून गेला.

तास सुरू झाला की बाई विचारायच्या, “दिसतंय का?” आणि सगळ्या चौकोनांतून एकसुरात यायचं, “दिसतंय!” पोरं खोटं बोलत नव्हती हो. दिसत होतंच. वाचता येतंय का, हे कुणी विचारलं होतं?

शिक्षकांचं म्हणाल तर प्रत्येकाला वाटलं, बिघाड आपल्याच पडद्यात आहे. राज्याच्या संग्रहालयाचा नकाशा कसा चुकेल? आणि सगळ्या शाळांदेखत आपलं यंत्र खराब आहे असं सांगायचं कुणी? झाकली मूठ सव्वा लाखाची. एका शाळेने प्रोजेक्टरवाल्याला बोलावून त्याला चार शब्द सुनावले आणि चित्र फिरवून घेतलं. तिथे बाईंचा नकाशा सरळ दिसायचा, फक्त बाकी सगळं जग उलटं.

असे काही मंगळवार छान गेले आणि एक दिवस मॅडमनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, म्हणजे बातमी बरी नव्हती. वरच्या कार्यालयाचं म्हणणं पडलं होतं की थेट तास कशाला? एकदाच छान फिल्म करून घ्यावी. निवेदकाचा कमावलेला आवाज, मागे संगीत, मध्येच कनेक्शन तुटायची भानगड नाही. सगळ्या शाळांना ती पाठवून दिली की वर्षानुवर्षं काम भागलं. मॅडमचं स्वतःचं मत अजून ठरलेलं नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. पुढच्या मंगळवारी त्या कोठीत येऊन पूर्ण तास बघणार होत्या आणि मग काय ते कळवणार होत्या. फिल्मचं ठरलं तर दालनं उघडेपर्यंत बाईंना तिकीटखिडकीवर बसायचं होतं.

तिकीटखिडकी! जिथे पोरांचा नुसता हात दिसतो, कपाळ नाही. बाई घाबरल्या. घरी आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, माझ्याकडून हे काढून घेतलं तर मला फार जड जाईल हो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर कोठीत गेले. त्यांनी फळीवरची अक्षरं पुन्हा गडद करायला घेतली.

मंगळवार उजाडला. कोठीत एका पेटीवर मॅडम येऊन बसल्या, मास्तर ब्रश घेऊन कोपऱ्यात उभे राहिले. त्या दिवसाचा विषय होता, तीन वेगवेगळ्या मुलखांचं मिळून हे एक राज्य झालं कसं. टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर जुन्या राजधानीचा पितळी शिक्का ठेवला होता. तो लांबूनच दाखवायचा असं ठरलं होतं. बाईंनी सुरुवात झकास केली. तीन मुलखांची तीन तोंडं तीन दिशांना कशी होती, एकाची मापं दुसऱ्याला कशी चालत नव्हती, एका मुलखातला वाणी दुसऱ्यात गेला की वजनाचं गाठोडं बदलून कसा जायचा, हे त्यांनी असं रंगवलं की मॅडमही हसल्या. बाईंना धीर आला. त्या धीरातच त्यांनी हद्दीवरच्या शाळेला सांगितलं, चला, नकाशात बघून मला तीन मुलखांच्या राजधान्या वाचून दाखवा.

तर त्या चौकोनातली एक मुलगी उठली, बाईंकडे पाठ फिरवून उभी राहिली आणि तिच्या मागोमाग अख्खा वर्ग पाठ फिरवून बसला. कपाळं गेली, नुसत्या वेण्या आणि मानगुटी.

आजच हा अपमान व्हायचा होता, तोही मॅडमसमोर? तरी आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “बाळांनो, तोंड इकडे करा.”

“बाई, तोंड तिकडे केलं तर वाचता येत नाही,” ती मुलगी पाठमोरीच म्हणाली. तिच्या हातात छोटा आरसा होता, खांद्यावरून मागे धरलेला. “तुमची अक्षरं आरशातच सरळ दिसतात. आम्ही दर मंगळवारी आरसे आणतो.”

आणि तिने तिन्ही राजधान्या खणखणीत आवाजात, एकही चूक न करता वाचून दाखवल्या.

मग काय, एकाने तोंड उघडल्यावर बाकीच्यांच्याही तोंडांची कुलपं निघाली. आमच्याकडेही उलटंच दिसतं. आम्हाला वाटलं आमचा प्रोजेक्टर. आम्हाला वाटलं जुन्या काळी असंच लिहायचे. एका शिक्षकाने तर सांगून टाकलं की त्यांच्या वर्गाने वह्यांत अख्खं राज्य उलटं काढून, रंगवून ठेवलंय. बाई समोरच्या पडद्याकडे बघत राहिल्या. तिथे तर सगळं स्वच्छ सरळ होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे आरशानेच केसाने गळा कापला होता. संगणकवाल्याचं ते टेबलाखालचं ‘तुम्हाला’ त्यांना आत्ता कुठे ऐकू आलं. राज्यभरच्या पोरांची पूर्व-पश्चिम आपण बदलून ठेवली. संपलं. आता तिकीटखिडकी.

त्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांच्या हातातला ब्रश खाली आला होता आणि चेहरा, खिळे भंगारात गेले त्या दिवशी होता, अगदी तसा झाला होता. तेव्हा बाई काही करू शकल्या नव्हत्या. तो चेहरा पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती. मॅडम गेल्या खड्ड्यात, असं त्या मनात म्हणाल्या (मॅडमना हे कधी कळू नये), आणि त्यांनी हात पुढे करून टेबलावरचा शिक्का उचलला. हातमोजे न घालता. उघड्या हाताने.

“बाई, तुम्ही हात लावला!” एका चौकोनातून कुणीतरी ओरडलं.

“लावला,” बाई म्हणाल्या. “चूक आमची झाली, नकाशा आम्ही उलटा काढला. पण का काढला ते बघा. या शिक्क्यावर काय दिसतंय?”

शिक्क्यावरची अक्षरं पोरांना उलटीच दिसणार होती. ती हसायला लागली, बाई, हेही उलटं! मग बाईंनी सांगितलं, की राज्य चालायचं ते असल्या उलट्या अक्षरांवरच. शिक्का उलटा कोरला तरच हुकूम सरळ उमटतो. कोरणाऱ्याने सरळ कोरलं तर सगळं राज्य उलटा हुकूम वाचत बसेल. आणि हे काम ज्यांनी जन्मभर केलं असा एक माणूस इथे कोठीत आहे, असं म्हणून त्यांनी मास्तरांना दंडाला धरून कॅमेऱ्यासमोर आणलं. मास्तरांनी आयुष्यात कधी चार माणसांत भाषण केलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने खिशातून डबी काढली. खिळे टेबलावर ओतले. बोटांनी भराभर निवडून एक ओळ जुळवली, तर्जनी आणि अंगठ्यात घट्ट धरली, कोठीतल्या शाईच्या पॅडवर टेकवली आणि कागदावर दाबली. कागद कॅमेऱ्यासमोर धरला. हद्दीवरच्या शाळेच्या गावाचं नाव होतं ते, सरळ.

त्या चौकोनात असा गलका झाला की संगणकवाला धावत आला.

मग मास्तरांनी फळी फिरवली. मागच्या अंगाला जुना नकाशा होताच, तो वर आला. बाईंच्या पडद्यावर नदी भलत्या अंगाला गेली, नावं भुताची झाली, पण पोरं ओरडत होती, आता सरळ, आता सरळ! बाईंना स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून पोरांवर ठेवावा लागला. त्या घट्ट मनाने उलट्या नकाशासमोर उभ्या राहून शिकवत राहिल्या. फक्त ती एक शाळा, जिने प्रोजेक्टर फिरवून घेतला होता, ती कुरकुरत होती की आमच्याकडे आत्ता बिघडलं.

तास संपला. पोरांनी हात हलवले, चौकोन एकेक करून विझले, संगणकवालाही गेला. कोठीत तिघंच उरली. मास्तर खिळे डबीत भरत होते. बाई मॅडमच्या पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, नकाशाचं सगळं माझ्या माथी, यांना काही बोलू नका.

मॅडम पेटीवरून उठल्या. मग म्हणाल्या, फिल्म केली असती तर हा उलटा नकाशा वर्षानुवर्षं चालला असता आणि पोरं वर्षानुवर्षं पाठ करून बसली असती. “फिल्म कुणाला ‘तोंड इकडे करा’ म्हणत नाही, बाई. तास चालू ठेवा. वर मी काय सांगायचं ते सांगते.” मास्तरांकडे वळून त्यांनी विचारलं की छपाईवर एक वेगळा तास घ्याल का, आणि मास्तरांनी इतकी जोरात मान हलवली की डबीतले खिळे खुळखुळले. मॅडम दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. “आणि बाई, तो शिक्का. पुन्हा हात लावू नका.”

बाईंना हसू आवरेना. घरी जाताना त्या रस्ताभर हसत होत्या. मास्तर म्हणाले, लोक बघतायत. बाई म्हणाल्या, बघू देत, बघायचं डोळ्यांनी असतं. मास्तरही मग हसले, आणि त्या रात्री आमटीत मीठ होतं.

पुढच्या मंगळवारी तास सुरू झाला. बाईंनी आता नवा प्रश्न पाठ केला होता, “वाचता येतंय का?” सगळे चौकोन “येतंय!” म्हणाले. हद्दीवरच्या शाळेने मात्र उत्तर दिलं नाही. ती आरसेवाली मुलगी पुढे आली आणि तिने एक मोठा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर सगळ्या वर्गाने मिळून उलटी अक्षरं लिहिली होती. काही वेलांट्या भलतीकडे गेल्या होत्या, पण मेहनत दिसत होती. बाईंनी मान वाकडी केली, चष्मा वर-खाली केला, पर्स उघडून आरसा शोधायला लागल्या.

“थांब, आरसा कशाला?” मास्तर कोपऱ्यातून पुढे आले आणि खिळ्यांची ओळ वाचावी तसं त्यांनी एका दमात वाचलं. “‘बाई, आम्ही हात लावायला कधी येऊ?’”

बाईंनी चष्मा काढून पुसला. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला पडद्यावर कुठे जागाच नसते. सगळी कपाळं वाट बघत होती.

“छप्पर झालं की या,” त्या म्हणाल्या. “बसचं मी मॅडमना सांगते. आणि कशाकशाला हात लावायचा, ते मी दाखवते.”